अकरा मिनिटांचा थांबा

ट्रकमध्ये बसवायच्या त्या काळ्या डबीला कंपनीने दिलेलं नाव दीड ओळ लांब होतं. ड्रायव्हर लोक तिला नुसतं 'चुगली' म्हणत. ट्रक कुठे आहे, किती वेगात आहे, कुठे उभा राहिला, कुठलं दार कधी उघडलं, हे सगळं ती साहेबांच्या पडद्यावर जाऊन सांगे. अशा चुगल्यांची डागडुजी करणारा तो डबीवाला. बारा वर्षांत त्याचं एकच मत पक्कं झालं होतं. डबी बिघडते, पण खोटं बोलत नाही; माणसाचं उलटं असतं. बायको पूर्वी यावर हसायची.

सात नंबरच्या ट्रकचं प्रकरण मॅनेजरने त्याच्यासमोर ठेवलं. पूल आणि पिवळी पाण्याची टाकी यांच्यामधल्या सरळ रस्त्यावर हा ट्रक रोज सकाळी अकरा मिनिटं उभा राहतो. ड्रायव्हरचं दार उघडतं, अकरा मिनिटांनी लागतं.

"तिथे आहे काय?" डबीवाल्याने विचारलं.

"गवत. दोन्ही बाजूंना. आणि मामा म्हणतात, मी थांबतच नाही. म्हणजे मामा आपल्यालाच मामा बनवतायत." मॅनेजरला स्वतःचा विनोद आवडला, म्हणून त्याने तो शेजारच्या टेबलालाही ऐकवला.

मामा म्हणजे सात नंबरचे ड्रायव्हर. निवृत्तीला चौदा महिने उरलेले, आणि खुलाशाची तीन पत्रं घेऊन झालेली. चौथं थेट घरी बसवणारं होतं.

"डबी खोटी की मामा, तेवढं लिहून द्या," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही लिहाल ते अंतिम."

डबीवाल्याने वायर तपासली, अँटेना तपासला, शेवटी डबीच बदलली. नवी डबी कोणाच्या ओळखीची ना पाळखीची. तिनेही दुसऱ्या दिवशी तीच चुगली केली. तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच मामांच्या शेजारी जाऊन बसला. निघताना त्याने सासऱ्यांनी दिलेलं किल्लीचं घड्याळ कंपनीच्या फाटकावरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं.

मामांच्या पायात चपला होत्या. नियमाप्रमाणे बूट हवेत, असं केबिनमध्येच चिकटवलेलं होतं.

"बूट कुठे, मामा?"

"बुटांचं आणि आमचं जमत नाही, साहेब."

डबीवाल्याने सवयीने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. लेस सुटून एकदा तो मोठ्या साहेबांच्या पायांशी पडला होता आणि साहेबांना तो नमस्कार वाटला होता. तेव्हापासून तो दुहेरी गाठ मारी.

पूल आला. मामांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याच्या हातात दिला. चहा इतका गरम होता की झाकण त्याला काठाला धरावं लागलं. टाकीपर्यंत विजेचे अडतीस खांब होते, ते मोजायचे असं त्याने ठरवलं. वेगाचा काटा चाळीसवर होता.

"आमच्या जावयाला मी सांगितलं," मामा बोलत होते, "की बाबा रे, घर बांधायचं तर आधी..."

वीस. एकवीस. गवत कंबरभर उंच होतं आणि वारा नसूनही एकाच दिशेला झुकलेलं. बावीस. तेवीस.

"...आधी विहिरीचं पाणी बघ, मग भिंतीचा रंग."

सदतीस. अडतीस. पिवळी टाकी मागे गेली. काटा चाळीसवरून हलला नव्हता, एकही खांब चुकला नव्हता, आणि मामांचं वाक्य मध्येच तुटलं नव्हतं.

"थांबलो का आपण?" मामांनी विचारलं.

"नाही."

"लिहून द्याल?"

"देईन की." डबीवाल्याला फार बरं वाटलं. त्याने चहाचा घोट घेतला.

चहा गार होता. वर साय धरली होती.

दोघं गोदामाच्या फाटकाशी पोचले. तिथलं घड्याळ त्याच्या घड्याळापेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. पहारेकरी म्हणाला, घड्याळ बरोबर आहे.

त्याने मोबाईलवर डबीची नोंद उघडली.

थांबा, अकरा मिनिटं. डावं दार उघडलं. डावं दार लागलं.

उजवं, मामांचं दार आज उघडलंच नव्हतं. डाव्या बाजूला तो बसला होता.

खाली उतरायला त्याने पाय खाली टाकला आणि तो तसाच थांबला. दुहेरी गाठ नव्हती. दोन्ही बुटांवर लेसची सुबक फुलं बांधलेली होती, फासे अगदी सारखे, टोकं सारखी. आणि गाठ उलट्या बाजूची होती. समोर उकिडवं बसून दुसऱ्या कोणी आपल्या बुटाची लेस बांधली की पडते तशी.

मग मांडीवर कागद ठेवून त्याने लिहिलं, 'दोन्ही डब्या सदोष. ड्रायव्हरची चूक नाही.' बारा वर्षांत त्याने डबीवर घेतलेला हा पहिला खोटा आळ. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

मामांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांचं लक्ष डबीवाल्याच्या पायांकडे गेलं.

"मीही आधी बूटच घालायचो," ते म्हणाले. "गाठ मात्र छान मारतात."