भरलेली टाकी

मला ओशट हात सहन होत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी कसं केलं असेल याची थोडी कल्पना येईल. जेवताना पेल्याच्या काठावर कुणाचं तेलकट बोट उमटलेलं दिसलं तरी माझा घास घशात अडकतो. बायको चारचौघांत सांगते, "मला वाटलं नवरा मिळाला, निघाला साबण." नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. दिवसभर काच, पाणी आणि पांढरा कोट. अशा माणसाच्या नशिबी चेनसॉ यावी ही थट्टाच म्हणायची.

पण आमच्याकडे हिवाळा कडक. बैठकीच्या खोलीत लोखंडी शेगडी आहे, तिचा धूर नळीतून छपरावर जातो, आणि शेगडीजवळच्या खुर्चीत माझी आई बसते. मागच्या हिवाळ्यात तिची छाती अशी भरली की डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना परत थंडी लागली तर माझ्या हातात काही उरणार नाही." तेव्हापासून शेगडी विझू द्यायची नाही, हा घरातला पहिला आणि शेवटचा कायदा. ओंडके बाहेरून येतात. ते शेगडीच्या तोंडात मावतील एवढे कापायचं काम माझं.

चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. तिला दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल. दुसरीत नुसतं तेल, ते साखळीसाठी. ही दातेरी साखळी एका लांब लोखंडी पट्टीभोवती गरगर फिरते, तिला सतत तेल लागतं, नाहीतर ती तापते आणि पट्टी खाते. हे तेल साखळीबरोबर बाहेर उडून जातं, परत येत नाही. म्हणून पेट्रोल संपत आलं की तेलही संपत आलेलं असतं आणि दोन्ही टाक्या एकदमच भरायच्या. काम झालं की बाजूचं झाकण काढून आत साचलेला तेलकट भुसा खरवडायचा, गोल कानशीनं दातांना धार लावायची. मी हे सगळं रबरी हातमोजे घालून करायचो आणि तरीही नंतर कोपरापर्यंत हात धुवायचो.

त्या दिवशी साखळीचं तेल संपलं. वादळानं रस्त्यावर झाडं आडवी पडली होती, दुकान गाठणं शक्य नव्हतं आणि शेगडीपाशी संध्याकाळपर्यंत पुरतील एवढीच लाकडं होती. मी स्वतःशीच चरफडत स्वयंपाकघरात आलो. आई ओट्यापाशी उभी होती.

"तेलच ना?" ती म्हणाली. "मग एवढं डोक्यावर घर कशाला घेतोस? माझं घाल."

आईचं म्हणजे तिची बरणी. आई आयुष्यात काही फेकत नाही. तळण झालं की उरलेलं तेल गाळून ती एका काचेच्या बरणीत साठवायची. तळाला काळा साका, वर पिवळा थर, काठाला बोटांचे ठसे. झाकण उघडलं की खवट वासाचा भपकारा यायचा. त्या बरणीवरून आमची मायलेकांची कित्येक वर्षं जुंपायची.

"आई, हे मशीन आहे. कढई नाही."

"मशीनला काय जीभ आहे चव घ्यायला? वाया कशाला घालवायचं? माझं घाल. लागेल तेवढं घे."

अडीनडीला लोक असं करतात, हे मलाही माहीत होतं. मी श्वास रोखून नरसाळ्यातून ते ओतलं. बरणी पार निपटली तेव्हा टाकी कशीबशी भरली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून रिकामी बरणी लगोलग कचऱ्यात टाकली. आईनं ते पाहिलं.

ओंडके लोण्यासारखे कापले गेले. अंगणभर तळणाचा वास सुटला. बायको खिडकीतून ओरडली, "अहो, लाकडं कापताय की तळताय?" पेट्रोल संपल्यावर मी तेलाच्या टाकीचं झाकण फिरवलं. ती काठोकाठ भरलेली होती.

तेल साखळीपर्यंत पोचतच नसणार, भुशानं छिद्र बुजलं असणार, असं मी धरलं. याची परीक्षा सोपी असते. मशीन चालू करून पट्टीचं टोक कोऱ्या लाकडासमोर धरायचं. तेल येत असेल तर लाकडावर रेघ उमटते. रेघ उमटली, चांगली ठसठशीत. झाकण उघडून पुन्हा पाहिलं तर टाकी काठोकाठच.

रस्ता मोकळा झाल्यावर मी दुकानातून साखळीच्या तेलाचा नवा कॅन आणला. तो उघडायची वेळच आली नाही. टाकीत जागा असेल तर ओतणार ना! कापून कापून लाकडांची भिंत रचली गेली, पेट्रोलचा डबा दोनदा भरून आणला, पण या टाकीतलं तेल तसूभर खाली जाईना. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरंय की. असं एखादं मशीन भाजीला पण शोधा."

मात्र तेल बदलत चाललं होतं. आधीचा पिवळेपणा गेला, ते फिकट झालं, मग दाट. मशीन अंगणातल्या शेडमध्ये असायचं; तिथं बादलीतलं पाणी गोठायचं, पण टाकीला हात लावला तर ती कोमट लागायची. तळणाचा वासही गेला. त्याच्या जागी आलेला वास मला ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवेना. एकदा आईच्या उशीचा अभ्रा बदलताना आठवलं. आजारी माणूस खूप दिवस एका उशीवर झोपला की अभ्र्याला येतो, तो वास.

मी अभ्रा तिथंच टाकला आणि जाऊन हात धुतले.

मशीनच्या बाजूचं झाकण काढणं ही तर शिक्षाच झाली. आत नेहमी तपकिरी लगदा असायचा. आता तिथं पांढरट, मऊ, लिबलिबीत काहीतरी साचायचं. पेचकसानं खरवडलं की ते सुटायचं नाही, ताणलं जायचं, आणि त्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा असायचा. एकदा तो पापुद्रा हातमोज्याला चिकटला. मी झटकला तर माझ्या गालावर येऊन बसला. कोमट होता. मी शेडच्या दारातच ओकलो. गाल साबणानं इतका घासला की सालटं निघाली.

याच सुमारास बायको एकदा शिवणयंत्रावर बसून आईचा सैल झालेला गाऊन बाजूंनी आत घेत होती. "आई, मलाही सांगा ना गुपित," ती म्हणाली. "मी जिने चढून चढून दमले, पण कंबर काही कमी होत नाही."

आई हसली. ती मुळात अंगानं चांगली भरलेली. लहानपणी थंडीत मी तिच्या दंडाला बिलगून झोपायचो, उशीची गरज लागायची नाही. मी त्या दंडाकडे पाहिलं. स्वेटरची बाही नुसती लोंबत होती.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. काहीच सापडलं नाही. "जेवतात ना?" त्यांनी विचारलं.

"दोन घास जास्तच," बायको म्हणाली.

मी तिथंच बसलो होतो. माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. मी शिकलेला माणूस आहे, तेल आणि आई हे दोन शब्द एका वाक्यात आणायला मी तयार नव्हतो. पण घरी आल्यावर सरळ शेडमध्ये गेलो, मशीन उलटं केलं आणि टाकी एका पत्र्याच्या डब्यात रिकामी करायला घेतली. जे काय असेल ते एकदाचं फेकून द्यायचं, टाकी पेट्रोलनं धुवायची, नव्या कॅनमधलं तेल भरायचं.

ते धारेनं येईना. गोळ्यागोळ्यांनी, भदाभद पडत होतं. वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा गोळा पडला आणि घरातून बायकोची किंकाळी आली.

आई खुर्चीतून घसरली होती. आम्ही तिला उचललं. मी एकट्यानंही उचललं असतं, इतकी ती हलकी होती. सकाळी तिला गाल होते, आता ते नव्हते. कातडी हाडांवरून सुटून गळ्यापाशी गोळा झाली होती.

"काही नाही रे, जरा गरगरलं," ती म्हणाली.

तिला झोपवून मी शेडमध्ये गेलो. डबा भरलेला होता. टाकीही भरलेली होती.

त्या दिवसापासून मी मशीन चालू केलं नाही. हातकरवतीनं कापायला लागलो. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. बायको म्हणाली, "घरात मशीन असताना हा काय सोस?" मी म्हटलं, बिघडलंय. ती म्हणाली, मग दुरुस्तीला टाका. मी म्हटलं, नाही. हा 'नाही' इतक्या जोरात निघाला की ती उठून आत निघून गेली.

पण चेनसॉ नुसती ठेवली तरी गळते. ज्याच्याकडे ती आहे त्याला हे माहीत असतं. पट्टीच्या मुळाशी तेल पाझरतं, थेंब धरतो, पडतो. लोक खाली पुठ्ठा टाकतात आणि विसरून जातात. मी स्टीलचा ट्रे ठेवला. साचलेलं लगेच परत ओतलं तर टाकीत नेमकी तेवढी जागा असायची. उशीर झाला तर नसायची, आणि मग आईचा आणखी सूतभर भाग गेलेला असायचा. मनगट, मानेची खोबण, पापणी.

मी कामावर रजा टाकली. करवत चालवायची, मध्येच शेडमध्ये जायचं, ट्रे नरसाळ्यात उपडा करायचा. ते घट्ट असल्यामुळे ट्रेला चिकटून राहायचं. मग हातमोजा काढून बोटानं निपटून घ्यावं लागायचं. होय, मीच. ओकारी दाबून ठेवायचो, पण कोपऱ्यातलं सुद्धा सोडायचो नाही. काही फेकायचं नाही, वाया घालवायचं नाही. मी आईसारखा झालो होतो.

आई टिकून राहिली. सुकलेली, पण टिकून. शेगडीसमोर बसून ती माझे फुटलेले हात बघायची आणि म्हणायची, "मशीन का नाही चालवत बाळा? उगाच हाल करून घेतोस."

मग एका सकाळी मी लाकडं कापून शेडमध्ये गेलो. मशीनखाली ट्रे नव्हता. खाली जमिनीवर छोटंसं थारोळं होतं, मातीत जिरत चाललेलं.

ट्रे स्वयंपाकघरात सापडला. भांड्यांच्या जाळीत उभा करून ठेवला होता. चकचकीत.

"काय ती घाण!" बायको म्हणाली. "गरम पाण्यानं दोनदा घासला तेव्हा निघाली. तुमच्यासारख्या माणसानं असं ठेवावं?"

मी बैठकीच्या खोलीत धावलो.

आई खुर्चीत होती. म्हणजे गाऊन होता, आणि त्यात आई होती. तिचा हात हातात घेतला. त्याला ओलावा नव्हता, ओशटपणा नव्हता, माणसाच्या कातडीचा म्हणून जो एक असतो तोही नव्हता. बोट फिरवलं तर धुतलेल्या काचेसारखा करकर आवाज आला. तिला भांड्यांच्या साबणाचा वास येत होता.

मी तिथं थांबू शकलो नाही. शेडमध्ये गेलो, आतून दार लावलं, मशीनपाशी गुडघे टेकले. टाकीचं झाकण काढलं. मला माझी लाज वाटत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हातमोजे बाजूला ठेवले. त्या भोकातून अख्खा हात जाणार नव्हता, दोन बोटं बुडवली. कोमट होतं. मी तोंड त्या भोकापाशी नेलं आणि अगदी हळू, मलाच जेमतेम ऐकू येईल इतकं हळू म्हणालो, "आता तिचं नको. माझं घे."

काही झालं नाही. बोटं तशीच बुडालेली होती.

घरात परत आलो. बायको शेगडीत लाकूड सारत होती. आईचे डोळे मिटलेले होते. मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसलो आणि लहानपणी टेकायचो तसं डोकं तिच्या दंडावर टेकलं. तिथं आता फक्त लोकर होती.

तिनं डोळे उघडले नाहीत. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"तुझं कशाला रे?" ती म्हणाली. "माझं आहे ना अजून थोडं."

बायकोनं वळून विचारलं, "काय आहे, आई?"

मी उठलो, शेडमध्ये गेलो आणि झाकण उघडून पाहिलं. टाकी काठोकाठ भरलेली होती.