काजळ्याचा चेहरा

"मॅडम, माहा चंचल जिता हाये!"

इंदुताई दर बाजाराच्या दिवशी भद्रावतीच्या ठाण्यात यायच्या. भिंतीकडच्या बाकावर बसायच्या, "काई समजलं का?" एवढंच विचारायच्या आणि "नाही" ऐकून निघून जायच्या. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. आज मात्र त्या बसल्याच नाहीत. सहायक निरीक्षक स्वाती मेश्रामच्या टेबलावर त्यांनी बुटांचं एक खोकं ठेवलं आणि झाकण काढलं.

आत कापसात एक बाहुला निजवलेला होता. वीतभर उंच. काळा झगा, खांद्यावर कुदळ, तोंडावर कोळशासारखा खडबडीत मुखवटा.

स्वातीनं त्याला पाहताक्षणी ओळखलं. काजळ्या. इंदुताईंचा एकुलता एक मुलगा चंचल जी कॉमिक्स काढायचा, त्यातला खलनायक. बंद खाणींच्या तळातून वर येणारा, रुळांवरचे डबे उलथवणारा, मुकादमांना धुळीत ओढून नेणारा. त्या कॉमिक्सचा नायक कोण, हे फारसं कुणाला आठवत नसे. काजळ्या मात्र आसपासच्या दोन्ही जिल्ह्यांतल्या पोरांच्या मोबाइलवर होता. त्यानं मुखवटा कधीच काढला नव्हता. शेवटच्या भागात काढेल, असं चंचलनं जाहीर केलं होतं.

तो भाग आलाच नाही. एका सकाळी चंचल घरून निघाला. दुपारी त्याचा फोन गावाबाहेरच्या जुन्या खाणींच्या बाजूला बंद झाला. तिथल्या खोल, गाळानं भरलेल्या पाण्यात शोधूनही काहीच हाती लागलं नव्हतं.

"हे कुठून आलं?" स्वातीनं विचारलं.

"यष्टीच्या कंडक्टरनं आणून देल्लं. चंद्रपूरच्या स्टँडवर कोन्या माणसानं त्याच्या हाती देल्लं म्हने. तोंडाले गमछा बांधून होता. मॅडम, तुमी त्याचा मुखवटा काढून पाहा ना."

मुखवटा बारीक इलॅस्टिकवर अडकवलेला होता. स्वातीनं तो नखानं अलगद सोडवला. खाली बाईचा चेहरा होता. रुंद कपाळ, जागरणानं ओढलेले डोळे आणि हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. त्यातला मधला पुसट.

स्वातीनं मान वर केली. समोर इंदुताईंच्या हनुवटीवर तेच तीन ठिपके होते. मधला पुसट.

"गेला त्याच दिशी सकाळी," इंदुताई सांगू लागल्या. "मी डब्यांच्या भाकरी करून राह्यली होती. त्यानं चुलीसमोर बसून माहं चित्र काढलं. म्हनला, 'आई, काजळ्या बाई हाये. अगदी तुह्यासारखी.' मी म्हनली, 'मेल्या, आईले राक्षस बनवतं का?' तं हासला. म्हनला, 'राक्षस नाई व, खाणीत जिचं घर गेलं अशी बाई हाये. आत्ताच सुचलं. तू कोनाले सांगू नोको.'"

"मग तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कोनालेच नाई. तुमालेबी नाई. त्यानं नोको म्हनलं होतं ना! मंग हे कोन बनवन, मॅडम? चंचलच ना?"

स्वातीच्या मनात त्या गोष्टीचा दुसराच अर्थ उभा राहिला. तो तिनं ओठांवर येऊ दिला नाही.

"चंचल अशा वस्तू बनवायचा का, इंदुताई?"

"कागदावरच काढे तो. पोळ्याले मातीचा बैलबी जमला नाई त्याले कवा." त्यांनी खोक्यावर हात ठेवला. "पन शिकला असन ना आता."

त्या बाईंच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा तजेला दिसत होता. स्वातीनं त्यांना चहा पाजला आणि बाहुला तपासासाठी ठेवून घेतला. इंदुताई पायऱ्या उतरून गेल्या तरी ती खिडकीशी तशीच उभी राहिली.

चंद्रपुरात निकेशचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणेल त्या पात्राचा बाहुला तो बनवून द्यायचा. चंचलचं कॉमिक्स इंटरनेटवर चालवायचाही तोच. चंचल नाहीसा होण्याच्या आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून त्याची चौकशी पूर्वीच झाली होती. स्वातीला पाहून त्याचं तोंड उतरलं.

"हा तुझा?" तिनं मुखवटा घातलेला काजळ्या काउंटरवर ठेवला.

निकेशनं तो उचलून उजेडात फिरवला. "नाही, मॅडम. माझा माल प्रिंटरवर निघतो, रेझिनचा. हा हातानं घडवलाय. आत तार आहे, वरून एम-सील थापून कोरलंय. आणि केस बघा. हा क्रेप आहे, नाटकवाले दाढ्या-मिशा बनवतात तो."

"तू विकतोस त्या काजळ्याचा मुखवटा निघतो?"

"नाही, चिकटवलेला असतो. खाली ठेवू काय? चेहरा कसा ते चंचलनं मला सांगितलंच नाही. हात जोडले होते त्याच्यापुढं. मुखवटा निघणारा काजळ्या बाजारात आणला असता, तर ऑर्डरी आवरता आल्या नसत्या."

"भांडण कशावरून झालं होतं?"

"त्याला काजळ्या मारायचा होता, मॅडम. मी म्हटलं, मारू नको, त्याच्यावर दोघांचं पोट आहे. ऐकलं नाही त्यानं."

स्वातीनं मुखवटा काढला. तिची नजर बाहुल्यावर नव्हती, निकेशवर होती.  त्यानं बाहुला दिव्याखाली ओढून चेहरा पुन्हा पुन्हा निरखला.

"बाई?" तो म्हणाला. "काजळ्या बाई आहे?"

वडशाला थंडीत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम भरात होता. मंडळ्यांच्या कचेऱ्यांवर रंगीत बॅनर लटकत होते आणि गावोगावची माणसं खेळ ठरवायला आली होती. एका मंडळीच्या सामानाच्या खोलीच्या दारात हेमराज दुपारच्या उन्हात बसून राजाच्या मुकुटाला बेगड चिकटवत होता. दोरीवर दाढ्या वाळत होत्या. हा चंचलचा शाळेपासूनचा सोबती. मंडळीचे मुखवटे, मुकुट, रंगरंगोटी सगळं त्याच्याकडे होतं. चंचल गेल्यावर इंदुताईंसोबत तोही शोधत हिंडला होता.

स्वाती समोरच्या पेटीवर बसली. मुखवटा घातलेला काजळ्या तिनं मधे ठेवला.

"ओळखतोस याला?"

"काजळ्या. कोन नाई ओळखत?" हेमराजनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"चंचलशी शेवटचं कधी भेटलास?"

"तो जायच्या आधीच्या दिवाळीत. तुमाले तवाच सांगतलं होतं, मॅडम."

"त्यानंतर फोनवर तरी बोलणं?"

"फोनवरबी नाई. हंगाम सुरू होता, मी इथीच होतो."

"मुखवट्याखाली काय आहे, कधी बोलला होता?"

"मले कायले सांगन? कोनालेच सांगे नाई तो."

"निकेश म्हणतो, शेवटच्या भागात काजळ्या मरणार होता."

बेगडीवरचा हात थांबला. "तेच तं!" हेमराजचा आवाज चढला. "इतक्या भागांत कोनासमोर वाकली नाई. अन् शेवटी असंच मरून जाईन? पटते का तुमाले?"

 बाहेर कुणीतरी बाजाच्या पेटीवर सूर धरत होतं.

"कोण वाकली नाही, हेमराज?"

"काजळ्या."

"दोन्ही जिल्ह्यांतली पोरं म्हणतात, काजळ्या आला, काजळ्या गेला. निकेश दोन वर्षं त्याच्यावर पोट भरतोय, तोही 'त्याला' म्हणतो. मीही आत्ता 'मरणार होता' म्हणाले. तू एकटाच 'वाकली' म्हणालास."

"बाहुलीले म्हनलो मी."

"बाहुली कुठल्या भागात होती?"

हेमराजच्या हातातली बेगड चुरगळली. स्वातीनं काजळ्याचा मुखवटा काढला आणि इंदुताईंचा चेहरा त्याच्याकडे वळवला. त्यानं मान फिरवली.

"ऐक," स्वाती हळू आवाजात म्हणाली. "हा चेहरा चंचलला त्या दिवशी सकाळी सुचला. तो निघाला तेव्हा आईशिवाय कुणाला ठाऊक नव्हता, आणि आईनं आजवर कुणाला सांगितला नाही. त्यांना वाटतं, म्हणजे हा चंचलनंच घडवला, चंचल जिवंत आहे. पण त्याला मातीचा बैल जमत नव्हता. आणि जिवंत मुलगा आईला बाहुला पाठवेल आणि साधा फोन करणार नाही? म्हणजे हा दुसऱ्या कुणीतरी घडवला. तो माणूस त्या सकाळनंतर आणि फोन बंद व्हायच्या आधी चंचलला भेटलेला असला पाहिजे. निकेश भेटला असता, तर त्यानं हा चेहरा केव्हाच विकला असता. त्याला ठाऊक नव्हतं, हे मी त्याच्या तोंडावर पाहिलंय. राहिला क्रेप. तो मला इथं घेऊन आला. पण क्रेप वडशात घराघरात सापडेल, म्हणून मी तुला आधी विचारून घेतलं. दिवाळीनंतर भेट नाही, फोन नाही, चेहरा ठाऊक नाही. मग काजळ्या बाई आहे, हे तुला कळलं कधी?"

हेमराजनं चुरगळलेली बेगड खाली ठेवली. मग तो बोलू लागला तो स्वातीशी नव्हे, समोरच्या मुकुटाशी.

"मुखवटा माहा होता, मॅडम. एका नाटकासाठी मी कोळशाचा चुरा लावून बनवला होता. त्याच्यावरूनच त्यानं काजळ्या काढला. म्हने, शेवटच्या भागावर तुहं नाव टाकतो. त्या दिशी जुन्या खाणीवर भेटाचं दिवाळीतच ठरलं होतं. तिथी पाण्याच्या काठाले बसून काढे तो. इंदुकाकूचं चित्र दाखवलं. काय चित्र होतं, मॅडम! मी म्हनलो, माहं नाव कुठी टाकतं? तं हासला. म्हने, आता काजळ्याच मरून राह्यली, नाव कायले पाहिजे? मी ढकललो त्याले. एकदाच. काठ ओला होता."

"त्याला पोहता येत होतं?"

"नाई."

"तुला?"

हेमराजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"येते," तो म्हणाला.

स्वातीनं बाहुल्याकडे बोट केलं. "मग हा कशाला पाठवलास? गप्प बसला असतास, तर तुझ्यापर्यंत कुणी आलं नसतं."

"काकू दिसली चंद्रपूरच्या स्टँडवर. येईन त्या गाडीत डोकावून पाहे. हाडं राह्यले होते नुसते. वाटलं, पोरगा जिता हाये समजली तं दोन घास खाईन. नुसत्या मुखवट्यानं तिले पटलं नसतं. चेहरा कराच लागला."

संध्याकाळच्या आत त्याला गाडीत बसवलं. 

ती जुनी खाण आता राहिली नव्हती. शेजारच्या नव्या खाणीतून निघालेली माती वर्षभर तिच्यात पडत होती. पाणी गेलं, खड्डा गेला, तिथं लांबच लांब टेकडी उभी राहिली. स्वातीनं यंत्रं मागवली, हेमराजला नेऊन जागा दाखवायला लावली. तो एकदा इथं म्हणायचा, एकदा तिथं. त्यालाच काही ओळखू येईना. यंत्रं माती उकरत राहिली, ती पुन्हा घसरून भरत राहिली. शेवटी जाणकारांनी मान हलवली आणि यंत्रं परत गेली. मृतदेहाशिवाय खटला कसा उभा राहायचा, हे सरकारी वकिलांनाही सांगता येत नव्हतं. ठाण्यातला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे हेमराजच्या वकिलाला मात्र नीट ठाऊक होतं.

इंदुताईंना स्वातीनं स्वतःच सांगितलं. त्यांच्या ओसरीवर बसून, काहीही न लपवता. त्या दिवशी त्यांनी चंचलच्या आवडीची वांग्याची भाजी केली होती. तो कधीही येईल म्हणून आठवडाभर रोज करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"तुमी काऊन शोधलं?" त्या म्हणाल्या.

"इंदुताई..."

"मीच म्हनत होती ना तुमाले, शोधा, शोधा. दोन वर्सं म्हनत होती." त्यांनी पदरानं कोरडेच डोळे पुसले. "पन या आठ दिवसांत जिता होता तो, मॅडम. मी त्याच्यासंग बोलून राह्यली होती."

मग त्यांनी जागा दाखवा म्हणून हट्ट धरला. जीप टेकडीच्या पायथ्याशी थांबली. उतारावर लावलेली सुबाभळीची रोपं धुळीनं पांढरी झाली होती. वर डंपर चढत होते, मागं जाताना भोंगे वाजवत होते, आणि नवी माती खाली ओतत होते. इंदुताई अनवाणीच थोड्या पुढं गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी ती टेकडी पाहिली.

"कुठी?" त्यांनी विचारलं.

स्वातीनं हात वर केला. बोट कुठं दाखवायचं, ते तिला कळेना.