परतलेला कोंडा

लाइट गेले म्हणून पोरं सानपाड्याच्या सोसायटीच्या गच्चीवर जमली होती. गंगारामकाकांनी विडी विझवली.

"घडलेलं सांगतो. देवजी माझ्याच पाळीतला, गोठिवलीचा. सत्त्याऐंशी साल. सर्वपित्री अमावास्येची रात्र."

रबाळ्याच्या एका कारखान्यात देवजी बुरशी वाढवायचा. गव्हाचा कोंडा वाफवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर बुरशी पेरायची आणि ट्रे बंद खोलीत ठेवायचे. तिच्यातून जे एन्झाइम निघे, त्यानं गिरण्यांत कापडाची खळ काढत. पण बुरशी वाढायला लागली की कोंडा आतून तापतो. वेळेवर हातानं परतला नाही, तर सगळा माल जळून जातो.

वर्षभरापूर्वी देवजीची लेक पुतळा तापानं फणफणली होती. आई आधीच गेलेली; घरात बापलेकच.

"बाबा, आज नको जाव. माज्याजवल बस."

"माल जलंल गो. परतून लगेच येतो."

आला तेव्हा शेजारच्या बाया दारात उभ्या होत्या. पुतळा गेली होती.

त्या अमावास्येला जोडीदार पाळीवर आला नाही. केमिस्ट श्यामसुंदर म्हणाले, "देवजी, आतली खोली आज तुम्हीच परतून घ्या."

देवजीनं कुलूप काढलं. आत तोच दमट, आंबूस वास. पहिल्या ट्रेत हात घातला. कोंडा मोकळा. गार. आत्ताच कोणी परतल्यासारखा. पुढचा ट्रे... तोही.

शेवटच्या रांगेतून आवाज येत होता. खसखस... खसखस...

"कोन हाय?"

आवाज थांबला.

देवजी एक पाऊल पुढे सरकला. "पुतळा...?"

मग अगदी हळू,

"झाला सगला, बाबा... आता घरी चल."

तो रांगेपाशी गेला. कोणी नव्हतं. शेवटचा ट्रेही गार.

त्यानं खोलीला कुलूप लावलं आणि कोणाला न सांगता निघाला. गोठिवलीपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर ती थांबेल... येणार नाही, असं वाटलं त्याला.

घराचं कुलूप त्यानं स्वतः उघडलं. बत्ती लावली.

आत कोणी नव्हतं.

पण कोपऱ्यात वर्षभर गुंडाळून ठेवलेली पुतळाची गोधडी अंथरलेली होती. आणि तिच्या उशाशी, कोणी बसावं म्हणून... पाट मांडलेला.