बाकदार आणि सरळ

ही घटना खरी आहे. वारही सांगता येतो, वेळही. मंगळवार, दुपारचे साडेतीन. जागा, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीचं दुकान.

दुकान दोघा भावांचं. दादा जाऊन आठ महिने झाले होते. धाकटा एकटाच बसला होता.

वहिनी आल्या. हातात दादांचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा. बाकदार. दादांनी स्वतः नळी वाकवून घडवलेला.

"एकदा वाजवून दाखवा, भाऊजी. हे शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझा कान गेला."

धाकट्याने आर्म हातात घेतला.

भावांचा वाद जुना होता. दादा म्हणायचे, बाकामुळे सुई खाचेत नीट बसते. धाकटा म्हणायचा, सरळ आर्म हलका, तोच बरा.

"सरळ आर्मचं कौतुक वाकड्या माणसांनाच फार," दादांचा टोमणा ठरलेला.

एकदा पैज लागली. एकच रेकॉर्ड, दोन्ही आर्म, समोर गिऱ्हाईक. त्या सकाळी धाकट्याने दादांच्या आर्मला गुपचूप झिजलेली सुई लावली.

सूर फाटले. गिऱ्हाईक हसलं.

"काल मीच ऐकून जुळवला," दादा पुटपुटले. "मला ही खरखर ऐकू कशी आली नाही?"

ते पुन्हा कामाला बसलेच नाहीत. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं करत धाकट्याचं सांगायचं राहून गेलं.

आता त्याने नवी सुई लावली. गाणं स्वच्छ वाजलं.

"म्हणजे कान शाबूत होता की यांचा?"

"वय झालं होतं, वहिनी."

आणि गाणं थांबलं...

तबकडी फिरत होती. सुई खाचेत होती. पंख्याची करकरही ऐकू येत होती.

त्याने घाईघाईने सरळ आर्म लावून पाहिला.

काहीच नाही.

"किती गोड वाजतंय," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात उजव्या कानाशी... दादांचं खाकरणं.

"खरं सांग रे. तुला तरी ऐकू येतंय का?"

तो गर्रकन वळला. मागे नुसती भिंत.

"वहिनी, ती सुई मी बदलली होती."

त्याने सगळं सांगितलं. वहिनी उठल्या. त्याच्याकडे बघून चार-पाच शब्द बोलल्या. ओठ हलताना दिसले. बाहेरचा हॉर्न ऐकू आला.

शब्द मात्र नाहीत.

त्या आर्म घेऊन निघून गेल्या.

डॉक्टर म्हणतात, कान उत्तम आहेत. वहिनी अजूनही येतात, बोलतात. ते सगळं त्याला ऐकू येतं.

त्या दुपारी काय म्हणालात, हे विचारायला मात्र त्याची जीभ रेटत नाही.