सुईचं टोक

एक्स-रेत दाताची कीड दिसते, मुळाशी साचलेला पू दिसतो, झिजलेलं हाड दिसतं. हिरडीचा रंग दिसत नाही, आणि माणूस खोटं बोलतोय का, तेही नाही. पेशंटना मी हे नेहमी हसत सांगते.

त्या दुपारी खुर्चीत माझा नवराच होता. वरची दाढ ठणकत होती. माझं मशीन जुनं. दातामागे ठेवलेली फिल्म पेशंटलाच बोटाने दाबून धरावी लागते. धांदरट पेशंट बोट फिल्मच्या पुढे आणतात, मग दातांवर बोटाचं हाड उमटतं. याच्याही फिल्मवर उमटलं.

"डॉक्टरणीचा नवरा, आणि साधी फिल्म धरता येईना!"

"मागूनच धरली होती गं."

मी फिल्म उजेडासमोर धरली. दाढ ठणठणीत होती. बोट मात्र नाजूक होतं, आणि त्याच्या टोकात बारीक पांढरी रेघ होती.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बोटात शिलाई मशीनची सुई मोडली होती, टोक हाडातच राहिलं होतं. तो एक्स-रे मीच काढला होता, याच मशीनवर.

धाकटी आमच्याकडेच राहायची. मी परगावी असताना ती अचानक निघून गेली. "मी स्टँडवर सोडलं तिला. ताईचं तोंड पुन्हा बघणार नाही म्हणाली," असं यानेच सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला. वर्षानुवर्षं तिला कृतघ्न म्हणत राहिले आणि याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

"परत काढू," मी म्हटलं.

दुसऱ्या फिल्मवर तेच बोट होतं. आता ते दाढेच्या मुळाभोवती वळलं होतं.

मी ती त्याच्यासमोर धरली. रेघ त्याने ओळखली. चेहरा पांढराफटक पडला.

"उपटून टाक ती दाढ. आत्ताच्या आत्ता."

"उपटते. आधी सांग, धाकटी स्टँडवर पोचली होती का?"

"मशीन बिघडलंय तुझं."

माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला. केसाने गळा कापला होता माझा, आणि मी त्याच केसांतून हात फिरवत आले होते.

"आ कर."

मी तिसरी फिल्म दाढेमागे ठेवून बोटाने दाबून धरली.

"धर."

त्याने धरली नाही. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा आवळल्या होत्या.

मी माझं बोट बाहेर काढलं.

फिल्म पडली नाही.