रिकामा ताबा

चांद्याच्या बाररूममध्ये माझ्या कामाला कोणी काम समजत नसे. खून, मारामाऱ्या, शेताचे बांध, जंगलखात्याचे खटले ही खरी वकिली. मी कंपन्यांचे कागद करायचो. कोणी धंदा विकतोय, कोणी घेतोय, कोणाचे शेअर कोणाच्या नावावर चढवायचे, त्याचा सल्ला द्यायचा आणि करार लिहायचे. "वाळके, तुझे अशील कधी रडत नाहीत. तुझी वकिली आळणी," असं मित्र म्हणायचे. खरंच होतं ते. पण मला आळणीच मानवायचं. माझी बायको सीता जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि संध्याकाळी घराचं कुलूप उघडण्यापेक्षा दुसऱ्यांचे करार वाचत बसणं सोपं जायचं.

भुताखेतांचं म्हणाल, तर आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली. मी त्याच घरात वाढलो. तेव्हा पुढचं सगळं जसं झालं तसं सांगतो. त्याचा अर्थ मला विचारू नका.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात कय्यूम शेख माझ्याकडे आले. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलाला लागून त्यांची लाकडं चिरायची आरामशीन होती. दोघा भावांनी मिळून काढलेली, रीतसर प्रायव्हेट लिमिटेड. धंदा बसला होता, पण नागपूरची एक प्लायवूड कंपनी जागेसकट सगळं विकत घ्यायला तयार होती. अडचण एकच होती. कंपनीचे भागधारक दोनच, कय्यूम आणि त्यांचा धाकटा भाऊ बाबूभाई. आणि बाबूभाई सात वर्षांपूर्वी दुपारचं जेवून नाल्यापलीकडे तोडलेली लाकडं बघायला गेले, ते परत आलेच नाहीत. सायकल काठावरच्या झाडाला टेकवलेली सापडली. वाघानं नेलं म्हणावं, तर साधी चप्पलही मिळाली नव्हती.

कय्यूमभाईंच्या सोबत बाबूभाईंची बायको सुलताना होती. बल्लारपूरला बहिणीकडे राहायची, कपडे शिवायची. शमीम नावाची मुलगी होती तिला. सुलताना खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती आणि बोलणं सगळं कय्यूमभाईच करत होते.

मी त्यांना समजावून सांगितलं. ज्यांना एखाद्या माणसाची खबर असायला हवी, त्यांना ती सात वर्षं लागली नाही, तर कोर्ट त्याला मेलेला धरू शकतं. मग त्याचे शेअर वारसांच्या नावावर होतील आणि विक्रीला मोकळीक मिळेल.

"पण या सात वर्षांत काही समजलं असेल, तर आताच सांगा," मी म्हणालो. "चिठ्ठी, निरोप, कोणी कुठं पाहिलं, काहीही. खबर लागली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणखी सात वर्षं थांबावं लागेल."

तेव्हा सुलताना पहिल्यांदा बोलली.

"आणखी सात नाई जमत मले, वकीलसाब. बेवा झाली असती तं चार महिने इद्दत पाळली असती, रडली असती. मले तं कोणी रडूबी नाई देल्लं. म्हणतेत, येईन, येईन. रोज संध्याकाळी दोन रोट्या जास्तीच्या होतेत. सकाळी त्या मीच खातो. माह्या वाट्याचं जे येईन त्याच्यात एक खोली घेईन अन् शमीमले घेऊन राहीन. पण आधी मले सांगा, मी कोण हावो?"

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात होतं, म्हणून मी ते देऊ शकलो. कोर्टाचा हुकूम झाला की विधवा. तिनं मान डोलावली, शिलाईचा भाव ठरल्यासारखी.

आमचे सीनियर बापूराव वकील यांची एक पद्धत होती. बेपत्ता माणसाचं प्रकरण असलं की पोलिसांचा दाखला आणि पेपरातली नोटीस यावर ते भागवत नसत. माणूस शेवटचा जिथं राहिला, तिथं जाऊन पंचांसमोर त्याच्या नावाचा पुकारा करायचे. कोर्टाच्या दारात शिपाई करतो तसा, तीन वेळा. मग पंचनामा. कायद्यात असं कुठंही लिहिलेलं नाही, पण जज्जसाहेबांवर छाप पडते. मी तीच पद्धत उचलली होती. शिवाय जीपमधून दिवसभराची रपेट होते, आणि माणसांत एक दिवस जातो.

मे महिन्यात मी, कय्यूमभाई आणि सुलताना जीपनं निघालो. सावली गावात चहा घेतला, वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोलीवरून आरमोरी, कुरखेडा करत दुपारी तिथं पोचलो. रस्ताभर बाया-माणसं तेंदूपानांची गाठोडी डोक्यावर घेऊन घराकडे परतताना दिसत होती. आरामशीनचं आवार मोठं होतं. भुशाचे ढीग पावसानं काळे पडून बसले होते, पत्र्याच्या शेडमध्ये आऱ्याचं पातं गंजलं होतं, आणि न विकलेले सागाचे ओंडके एकावर एक रचून ठेवलेले होते. त्यांच्या सालीखाली भुंगेरे कुरतडत होते. तो बारीक आवाज सोडला, तर बाकी सगळीकडे फक्त किड्यांची किरकिर होती. मधोमध ऑफिसची एक खोली आणि तिच्यापुढं ओसरी. राखणदार मंगरू तिथंच बसला होता.

मंगरू आणि जीपचा ड्रायव्हर वारलू, हे माझे दोन पंच. मी पुकाऱ्याचं सांगितलं, तसा मंगरू उठून उभा राहिला.

"साहेब, जंगलात नाव घेऊन हाका नाई मारत. आमी नुसतं कू करतो. ज्याले समजायचं त्याले समजते."

"काऊन? नाव घेतलं तं काय होते?" वारलूनं विचारलं.

"नाव घेतलं तं यावंच लागते न," मंगरू म्हणाला.

मी हसलो. बाजेवर पंचनाम्याचा कागद ठेवला, तारीख टाकली, ओसरीच्या कडेला गेलो आणि शिपायाच्या चालीत हाक दिली.

"बाबू शेख वल्द रहीम शेख, हाजिर हो!"

किरकिर थांबली. ऊन तसंच होतं. मग नाल्याच्या पलीकडून, चांगल्याच लांबून, उत्तर आलं.

"आलो."

आवाज मोठा नव्हता. शेतात काम करणाऱ्याला घरून जेवायला बोलावलं, तर तो मान वर न करता जसं म्हणेल, तसा. कय्यूमभाईंनी बिडीसाठी काडी पेटवली होती. ती बोटापर्यंत जळत आली तरी त्यांनी टाकली नाही.

"पानं तोडणारा असेल कोणी," मी म्हणालो. "बाबू काय एकट्याचं नाव आहे?"

"पानंवाले सकाळीच घरी जातेत, साहेब," मंगरू म्हणाला.

सुलताना ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. तिच्या हातात ओढणीचं टोक होतं आणि ती ते बोटाला गुंडाळत होती. आता गुंडाळणं थांबलं होतं.

मी तिथंच थांबायला हवं होतं की नाही, हे आजही मला ठरवता येत नाही. पण अर्धवट पुकारा म्हणजे काहीच नाही, आणि माझा विश्वास बसला होता तो माझ्याच बोलण्यावर. मी दुसरी हाक दिली.

"आलो हो, आलो."

या वेळी आवाज ओंडक्यांच्या मागून आला. भरभर चालून आल्यावर लागते तशी त्याला धाप होती. आणि आता सागाची वाळकी पानंही वाजत होती, पायाखाली चुरडल्यासारखी. एक पाऊल, मग दुसरं. ओंडक्यांच्या या बाजूला आवार मोकळं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. तिथं पानं वाजत होती आणि कोणी नव्हतं.

वारलू जीपकडे बघत होता. कय्यूमभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते.

सुलताना उठली. ओसरीच्या पायरीपर्यंत गेली. डोक्यावरची ओढणी नीट केली आणि घरातल्या माणसाशी बोलावं, इतक्या साध्या आवाजात बोलली.

"आता नका येऊ."

पानं वाजायची थांबली.

"लय उशीर केला तुमी. शमीम मोठी झाली. माह्या कागदाचं काम चालू आहे. चूप राहा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिसरी मारा, वकीलसाब."

मी मारली. उत्तर आलं नाही. ओंडक्यांतले भुंगेरेसुद्धा गप्प होते.

फक्त आमच्या मागं, ऑफिसच्या उघड्या खोलीत, खुर्ची करकरली. थकलेला माणूस टेकतो तशी.

मंगरू दाराकडे गेला. आत डोकावला नाही. तोंड दुसरीकडे करून त्यानं दार ओढलं आणि कुलूप घातलं.

मी पंचनामा लिहिला. "तीन वेळा पुकारा केला. कोणीही समोर आले नाही." यातला शब्द न् शब्द खरा आहे. लिहिण्याआधी मी सुलतानाकडे पाहिलं. ती म्हणाली, "लिहा. कोणी नाई आलं." तिचे डोळे कोरडे होते. खरं सांगतो, क्षणभर मला तिचा रागच आला. माझ्या घरात सीतेनं एकदा नुसतं "आले" म्हटलं असतं, तर मी वकिलीची सनद फाडून टाकली असती. आणि ही त्याला चूप राहा म्हणते. मग तिच्या त्या दोन रोट्या आठवल्या आणि माझी मलाच लाज वाटली. माझ्या माणसाला मी रीतसर रडलो होतो. तिला ते अजून मिळायचं होतं.

परतताना वैनगंगेच्या पुलावर कय्यूमभाईंनी विचारलं, "वकीलसाब, हे खबर लागल्यात धरतेत काय?" मी म्हणालो, "कोणी समोर आलं नाही."

थंडीत कोर्टाचा हुकूम झाला. बाबूभाईंचे शेअर वारसांच्या नावावर चढले आणि विक्रीचा दिवस ठरला. नागपूरच्या कंपनीला सह्या आणि ताबा एकाच जागी हवे होते, म्हणून सगळे पुन्हा आरामशीनवर जमलो. त्यांचा मॅनेजर तरुण होता, अंगात निळा स्वेटर, हातात नवी फाइल. अंगणातच टेबल मांडलं. कय्यूमभाईंनी सह्या केल्या. मग सुलतानाची पाळी आली. मी बोटानं जागा दाखवत गेलो आणि ती शिवणाच्या टाक्यांसारखी एकेक सही करत गेली. शेवटच्या सहीनंतर तिनं पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ हाताकडे बघत राहिली.

"आता रिकामा ताबा," मॅनेजर म्हणाला. करारात तो शब्द मीच घातला होता. आत कोणी माणूस नाही, कोणाचा हक्क नाही, असा ताबा.

मंगरूनं शेड दाखवली, ओंडके दाखवले. मग ऑफिसच्या खोलीचं कुलूप काढलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. मॅनेजरनं खांदा लावला. तरी नाही.

"आतून कडी आहे," तो म्हणाला. "दुसरं दार कुठे आहे?"

"नाई," मंगरू म्हणाला. "दार एकच."

"मग कडी कोणी लावली? उन्हाळ्यापासून बंद आहे ना खोली?"

मंगरूनं माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर हसला, दारावर थाप मारली आणि म्हणाला, "कोण आहे हो आत? नाव सांगा." मी त्याचा हात धरला. इतका जोरात धरला, की तो माझ्याकडे बघतच राहिला.

सुलताना टेबलापासून उठली. आम्ही बाजूला झालो. तिनं दारावर टकटक केलं नाही. नुसता तळवा टेकवला.

"झालं आता," ती म्हणाली. "माह्या सह्या झाल्या. उघडा. लोक थांबून राह्यले."

इतकं बोलून ती वळली. टेबलाजवळची पिशवी उचलली आणि अंगण ओलांडून सडकेकडे चालू लागली.

मागं कडी सरकली. हळू सरकली, गंजलेली कडी सरकते तशी. मॅनेजर दोन पावलं मागं आला.

"सुलताना," कय्यूमभाई म्हणाले. "एक डाव पाह्यत नाई काय?"

ती फाटकाशी थांबली, पण मान वळवली नाही.

"मी बेवा हावो, भाईजान. कोर्टाचा कागद आहे माह्यापाशी. मी आता कोणाले पाहू?"

आणि ती निघाली. सडक तिथून सरळ जाते आणि मग सागाच्या झाडांत वळते. आम्ही दाराकडे पाठ करायला धजत नव्हतो, आणि दाराकडे बघायलाही. पुढं होऊन ते ढकलावं, असं कोणालाच वाटलं नाही. दार बोटभर उघडलं होतं. ती चालत होती तोवर ते तेवढंच उघडं राहिलं. ती वळणाआड दिसेनाशी झाली, तेव्हा ते पूर्ण उघडलं.