अक्काच्या लग्नाची कॅसेट

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

आणि रात्रीची नाही. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली, सेलूतली, भर दुपारची आहे. त्या दिवसांत आमच्याकडं दुपारी गल्लीत चिटपाखरू नसतं. दारं लावलेली, कूलर सुरू आणि सगळे आडवे झालेले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात भूतखेत, उतारा, अंगारा काही मानत नाहीत. म्हणून हे मी नातेवाइकांत कुणाला सांगितलेलं नाही. इथं सांगतेय, कारण कुठंतरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

आमचे हे, सिद्धोधन, सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत. पंचावन्नचे झालेत, पण मन अजून सत्त्याऐंशी सालातच अडकलंय. त्या काळातले इंग्रजी गाण्यांचे व्हिडिओ म्हणजे यांचा जीव की प्राण. खांद्यात फोम भरलेले कोट, हातात जाळीचे मोजे, मागून सोडलेला धूर... मोबाईलवर दिवसभर तेच. त्यातली एखादी गायिका वारली की त्या दिवशी हे जेवत नाहीत. सख्खी मावशी गेली तेव्हा मात्र दोन ताटं हाणली होती.

मी चिडवायचे, हे हसायचे.

पण या वेडामागं एक जखम होती, ती मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळली.

यांना एक मोठी बहीण होती. धम्मशीला. हे तिला अक्का म्हणायचे. ती यांच्याहून जास्त वेडी. इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही, पण गाणं सुरू झालं की ओठ अगदी बरोबर हलायचे. आरशासमोर ओढणी उडवत नाचायची.

सत्त्याऐंशीत तिचं लग्न झालं, जिंतूरकडं दिली. लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढलेली. तेव्हा ते फार मोठं अप्रूप.

काही महिन्यांनी एकदा टीव्हीवर रात्री इंग्रजी गाणी लागणार होती. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्यानं आणला. पण रेकॉर्ड करायला कोरी कॅसेट कुणाकडंच नव्हती.

शूटिंगवाले लग्नाच्या कॅसेटची मागची प्लॅस्टिकची बारीक पट्टी तोडून द्यायचे. पट्टी तोडली की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण त्यावरही पोरांनी उपाय शोधलेला होता. त्या भोकावर चिकटपट्टी लावायची.

यांनी लावली.

बहिणीच्या लग्नावर गाणी भरली. अक्का तर जिवंत होती, माहेरी येत-जात होती. कॅसेटचं काय एवढं?

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. सासरी होती, शेवटचं तोंडही दिसलं नाही. फोटोंचा अल्बम सासरच्यांनी दिला नाही. माझ्या सासूबाईंना, चांगुणाबाईंना, लेकीचं तोंड बघायला चिठोराभर फोटोसुद्धा उरला नाही. त्यांनी कॅसेट मागितली, तर यांनी सांगितलं, बुरशी लागली.

मी या घरात आले, तेव्हा धम्मशीला जाऊन दहा वर्षं झाली होती. मी तिला कधीच बघितलेलं नाही.

हे नीट लक्षात ठेवा.

गेल्या मे महिन्यात आमच्या नीलमचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक लेक. पुण्याला नोकरी करते, सुट्टी काढून आली होती. घरात लग्नाची गडबड बघून यांना काय झालं कुणास ठाऊक, माळ्यावरून ती कॅसेट काढली. गाणी जिथं संपली असतील, त्याच्या पुढं लग्नाचा थोडासा तुकडा राहिला असेल, अशी वेडी आशा.

परभणीहून नागेश नावाचा ओळखीचा मेकॅनिक आला. भंगारातला व्हीसीआर दुरुस्त करून त्यानं टीव्हीला जोडून दिला आणि तो गेला.

दुपारची जेवणं झाली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर बसल्या. नीलम खाली माझ्याजवळ.

यांनी बटण दाबलं.

पडद्यावर आधी मुंग्या. मग धूर, निळे दिवे, मोकळ्या केसांची एक गोरी गायिका. यांचे डोळे लगेच भरून आले. "काय दिवस होते गं, सुकेशनी!"

मला मात्र गाण्याच्या खाली... दुसरंच काही ऐकू येत होतं.

खूप माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. लांबून.

"त्रिसरण चाललंय," आत्याबाई म्हणाल्या. "बुद्धं सरणं म्हनायलेत. लग्न लागायलंय."

आणि गोऱ्या गायिकेच्या मागं, धुरात, नवरीच्या पांढऱ्या साडीतली एक मुलगी दिसली. मान खाली. क्षणभरच.

"शीले!" आत्याबाई ओरडल्या. "वर बघ ना, माय!"

गाणी संपली. पुढं नुसत्या मुंग्या. लग्नाचा तुकडा वगैरे काही नव्हता.

आम्ही सगळेच रडलो. मला वाटलं, जुनं नीट पुसलं गेलं नसेल, म्हणून खालून दिसतंय. मी नागेशला फोन लावला.

"न्हाई ताई," तो म्हणाला, "टेपवर दुसरं भरलं की खालचं जातंय. ते परत येत न्हाई."

नीलम मोबाईल चाळत बसली होती. लग्नात स्क्रीनवर लावायला लहानपणचे फोटो काढत होती.

"मम्मी... हे बघ."

तिच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो. केक होता. मी होते, हे होते. माझे दोन्ही हात पुढं, काहीतरी धरल्यासारखे.

हातात काहीच नव्हतं.

मोबाईल बिघडला असेल, असं मी म्हणाले. लेकरासमोर दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई स्वतःच व्हीसीआरसमोर जाऊन बसल्या. नाही म्हणवेना.

या वेळी ती मुलगी मागं नव्हती.

पुढं होती.

पांढरी साडी, गळ्यात हार. गोरी गायिका आता मागं धुरात उभी होती आणि धम्मशीला नाचत होती. ओठ अगदी बरोबर हलत होते.

हे पांढरेफटक पडले. "अक्का लग्नात नाचलीच न्हवती," म्हणाले. "हे कुणी शूट केलं?"

तेवढ्यात लाईट गेली.

पंखा थांबला. कूलर थांबला. फ्रिजची घरघर थांबली.

गाणं थांबलं नाही...

अंधारलेल्या खोलीत तो पडदा तसाच निळा, आणि ती तशीच नाचत होती. मान मात्र हळूहळू वर येत होती. मी नीलमचा हात घट्ट धरला. तिच्या हाताला दरदरून घाम सुटला होता.

गाणं संपलं, तेव्हाच पडदा विझला.

मी दार उघडलं. उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवर पडला. तिथं नीलमचा पदवीदान समारंभाचा फोटो होता, मोठी फ्रेम करून लावलेला.

फोटोत मागचा पडदा होता. फुलांची कुंडी होती.

नीलम नव्हती.

"मम्मी, मी कुठंय?" ती हळूच म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

मग मी कपाट धुंडाळलं. शाळेची ओळखपत्रं, सहलीचे फोटो, मावशीच्या लग्नातले. कुठंच नाही. जिथं ती असायची तिथं जागा मोकळी, आणि बाकीची माणसं हसतायत.

मी कॅसेट काढून घेतली. मी भ्याले होते, खोटं कशाला बोलू? सगळं विज्ञान त्या दिवशी पातळ झालं.

आत्याबाईंनी माझा पदर धरला.

"सुकेशनी, अजून एकदा बघू दे. तिनं वर बघितलंच न्हाई अजून."

"आत्याबाई, नीलमचे फोटो बघा हो! सगळे गेले."

"फोटोच गेले ना?" त्या म्हणाल्या. "तुझी लेक तुझ्यापुढं उभी हाय, बाई. माझी कुठं हाय?"

मी पदर सोडवून घेतला.

मी कॅसेट कपाटात घालून कुलूप लावलं.

पुढच्या दिवशी नीलमला घेऊन मी ब्लाऊज आणायला बाजारात गेले. परतताना गल्लीच्या तोंडाशीच पाय थबकले. सामसूम दुपार, आणि आमच्या घरातून ते गाणं येत होतं.

दाराला आतून कडी.

मी दार बडवलं. "अहो! बंद करा! बंद करा ते!"

कुणी उघडेना. नीलम माझ्यामागं भिंतीला टेकून खाली बसली. "मम्मी, मला कसंतरीच व्हायलंय," म्हणाली. डोळे उघडे, पण नजर कुठंतरी दुसरीकडंच.

मी मागच्या न्हाणीकडून आत शिरले.

हे कोपऱ्यात उकिडवे बसून रडत होते. "माय सकाळपासनं रडायली होती," एवढंच म्हणाले. "म्या काय करू?"

आत्याबाई पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या होत्या.

पडद्यावर आता धूर नव्हता, गायिका नव्हती. नुसता एक चेहरा. पूर्ण वर उचललेला. हसरा. आणि तो आत्याबाईंकडं बघत नव्हता...

माझ्याकडं बघत होता.

मी वायर उपसली. पडदा विझला नाही. मी कॅसेट ओरबाडून बाहेर काढली, हातानं सगळी टेप उपसली, परसात नेऊन रॉकेल ओतलं आणि पेटवून दिली. काळ्या धुराचा वास दोन दिवस गेला नाही.

आत्याबाईंनी अडवलं नाही. दारात उभ्या राहून शांतपणे बघत होत्या.

"जाळ, आता जाळ," म्हणाल्या. "बोलली ती माझ्याशी. आता मला कुनी पुसू शकत न्हाई, म्हनली."

लग्न व्यवस्थित झालं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत नीलम आहे, सुंदर दिसतेय. मी प्रत्येक फोटो दहादा तपासला. जुने फोटो गेले ते गेलेच, पण लेक सुखरूप आहे. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

हे मागच्या महिन्यापर्यंत.

नीलमला आता दिवस गेलेत. मागच्या महिन्यात एकदा फोनवर तिनं सहज विचारलं, "मम्मी, मी तान्ही असताना कशी होते गं? फोटो तर एकही न्हाई. तूच सांग."

मी सांगायला तोंड उघडलं...

आणि मला आठवेना.

माझ्या पोटच्या लेकीचं तान्हेपणीचं तोंड मला आठवेना. बाळंतपण आठवतं. परभणीचा दवाखाना आठवतो. नर्सनं बाळ माझ्या हातात दिलं, तेही आठवतं. पण दुपट्यातलं ते तोंड नीलमचं नाही.

यांना विचारलं, तर हे खाली बघत म्हणाले, "मलाही तसंच व्हायलंय."

मी डोळे मिटून खूप प्रयत्न करते. पाळणा, पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस. सगळं स्वच्छ दिसतं. मी तेल लावतेय, न्हाऊ घालतेय, तीट लावतेय.

धम्मशीलाला.

जिला मी आयुष्यात कधी बघितलं नाही, तिला मी अंगावर पाजल्याचं मला आठवतं.

नीलम रोज रात्री फोन करते. "आठवलं का गं काही?" म्हणून विचारते. मी काहीतरी रचून सांगते, ती हसते.

काल मात्र तिनं फोन ठेवला, तेव्हा माझ्या मनात आलं, ही कोण मुलगी होती?

क्षणभरच.